चढाची बाजू

पाऊल खाली जायला हवं होतं, ते गेलं नाही. मधली रेषा ओलांडून कमलाकर ओगले रेल्वेच्या बाजूच्या गोलकडे निघाले होते. उजवा पाय सवयीनं जिथे टेकला असता त्याच्या कितीतरी वर जमीन आली. जिना संपलेला असताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा, तसं झालं. धक्का टाचेतून गुडघ्यात गेला, गुडघ्यातून कमरेत, आणि शेवटी खालचे दात वरच्या दातांवर आपटले. लागलं असं काही नव्हतं. आजूबाजूला कुणाचं लक्षही नव्हतं. पोरं त्यांच्या त्यांच्या गरम होण्यात होती. पण ते जागच्या जागी उभे राहिले आणि बुटाच्या टोकानं जमीन चाचपत राहिले. हिरवा गालिचा, त्यात रबराचे काळे कण. पुढे तसाच, मागे तसाच. समोरच्या गोलचा आडवा दांडा आकाशात होता. तो आकाशात दिसता कामा नये. इथून तो नेहमी रेल्वेच्या कुंपणावर टेकलेला दिसायचा, कारण तो गोल खाली होता. सव्वीस हंगाम तो खाली होता.

मग त्यांना मघाचं हसू आठवलं. कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी कॅप्टनला, कॅलमला, जवळ बोलावून सांगितलं होतं, "टॉस जिंकलास तर चढाची बाजू घे. पहिला हाफ चढावर खेळायचा, दुसरा उतारावर." कोपऱ्यात कुणीतरी हसलं होतं आणि कुणीतरी त्याला कोपरानं ढोसलं होतं. कॅलम हसला नाही. त्यानं नीट विचारलं, "चढ कुठल्या बाजूला, गॅफर?" इथली पोरं प्रशिक्षकाला गॅफरच म्हणतात, तो शब्द पुन्हा कानावर पडला तेव्हा कमलाकरांना छातीत ऊब जाणवली होती. "कार पार्ककडे तोंड करून खेळायचं. नेहमीसारखं," ते म्हणाले. "नेहमीसारखं," कॅलमनं मान डोलावली. पोरं मैदान न पाहता खेळतात, असा एक निष्कर्ष कमलाकरांनी त्या हसण्यावरून काढला होता, आणि तो त्यांना फार आवडलाही होता.

ब्रिस्टलच्या या कॉलेजचं मैदान टेकडीच्या पोटावर होतं. कमलाकर इथे वर्कशॉपमध्ये फिटिंग आणि लेथ शिकवत, आणि बुधवारी दुपारी फुटबॉल. एकदा बांधकाम विभागाकडून दुर्बिणीची लेव्हल मागून आणून त्यांनी वर्गाकडून मैदानाचा उतार मोजून घेतला होता. खालच्या गोलचा आडवा दांडा आणि वरच्या गोलची रेषा बरोबर एका पातळीत निघाली, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. एवढं सुबक उत्तर प्रात्यक्षिकात सहसा येत नाही. पण या उताराचं काय करायचं हे त्यांना मोजण्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. दम शाबूत असताना चढावर खेळायचं, समोरच्यांना उतारावर मोकाट पळू द्यायचं, आणि दुसऱ्या हाफमध्ये ते दमलेले असताना त्यांच्यावर उतारानं कोसळायचं. कार्डिफचा ग्विन दरवर्षी हरला की हात मिळवताना म्हणायचा, "तू नाही जिंकलास, तुझा डोंगर जिंकला." पुढच्या वर्षी कमलाकर कार्डिफला जायचे, तेव्हा तिथला डाव्या बाजूचा कोपरा, जिथे नोव्हेंबरपासून पाणी साचायचं, तो ग्विनचा असायचा. कुणाकडे खाडीचा वारा होता, कुणाकडे शाळेच्या भिंतीला लागून मारलेली अरुंद कड. शेजारपाजारच्या कॉलेजांची ती साखळी, ती कॉन्फरन्स, म्हणजे त्यांच्या लेखी संघांची नव्हतीच, मैदानांची होती. कोल्हापुरात तालमीच्या मातीत पाय रोवायला शिकलेल्या माणसाला या परक्या देशात पहिली ओळख दिली ती या वाकड्यातिकड्या जमिनींनी. आता कॉन्फरन्स देशभर पसरली होती. तिच्यात उतरायचं तर मैदान ठरावीक मापाचं, ठरावीक गालिच्याचं, आणि पाणसळीत हवं. गेले सहा हंगाम ते निवृत्त होऊन घरी बसले होते, तेवढ्यात हे झालं. ग्विनही नव्हता, दोन वर्षांपूर्वी तो गेल्याचं कमलाकरांना कुणीतरी सुपरमार्केटमध्ये, दुधाच्या फ्रीजपाशी सांगितलं होतं.

त्यांना हे कळायला हवं होतं. ज्याला दुसऱ्याचं काम तपासताना केसाएवढी फट दिसायची त्याला हे दिसायला हवं होतं. रेल्वेच्या बाजूला नवी काँक्रीटची भिंत उभी राहिली होती; बसमधून जाता-येता त्यांनी ती कितीदा पाहिली, आणि रेल्वेवाल्यांची असेल म्हणून सोडून दिली. वरची बाजू कापायची, ती माती खाली भरायची, आणि भराव सरकू नये म्हणून भिंत बांधायची, हे त्यांनी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षी स्वतः कागदावर काढलं होतं. गेला आठवडाभर सराव गावाबाहेरच्या फुगवलेल्या घुमटात झाला, त्यामुळे पाय इथे लागलेच नव्हते. पण पायांचा दोष नव्हता. डोळ्यांनी पाहिलेलं डोक्यानं आत घेतलं नव्हतं.

निवेदिताचा फोन आला तेव्हा वैजयंती, त्यांची बायको, स्वयंपाकघरातली भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मुलगी मीनल दूर हॅरोला होती, आणि तिच्याजवळ राहायला जायचं ठरत होतं. तिच्या गल्लीतच एक छोटं घर मिळत होतं, आणि हे घर घ्यायला एक तरुण जोडपं तयार होतं. निवेदिता ही त्यांच्या मित्राची, उदयची, मुलगी. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांच्या खांद्यावर बसून नाचलेली, आता कॉलेजच्या क्रीडा विभागाची प्रमुख. "काका, आमचा कोच मध्येच सोडून गेला," ती म्हणाली होती. "तुमचा लायसन्स अजून व्हॅलिड आहे ना? तुम्ही या. तुम्ही बोललात तर मुलं ऐकतो. कार्डिफचा मॅच बघू, मग पूर्ण सीझनचं ठरवू." तिच्या मराठीतली लिंगं नेहमी अशीच कुठेही जाऊन बसत, आणि कमलाकर ती नेहमी मनातल्या मनात उचलून जागेवर ठेवत. त्या दिवशी त्यांनी ठेवली नाहीत. फोन ठेवून ते वळले तेव्हा वैजयंतीनं हातातली वाटी गुंडाळायची थांबवली होती.

"जाणार म्हणा की."

"एका सामन्याचा प्रश्न आहे."

"आणि तो जिंकलात तर?"

"तर हंगामाचा."

"अहो, मग मीनलला तसं सांगा. मला मध्ये घालू नका," ती म्हणाली, आणि गुंडाळलेली भांडी एकेक उलगडून फडताळात परत लावू लागली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. हॉस्पिटलातल्या तिच्या नोकरीभर रात्रपाळीहून आल्यावर ती अशीच, काही न बोलता, त्यांचे चिखलाचे बूट दाराबाहेर ठेवायची.

मधल्या वर्तुळात रेफरीनं नाणं उडवलं. कॅलम खाली वाकला, पाहिलं, आणि हात उंच करून कार पार्ककडे दाखवला. मग त्यानं तिथूनच, एवढ्या अंतरावरून, कमलाकरांकडे पाहिलं. अजून वेळ होता. एक हाक पुरली असती. 'उलट घे' म्हणायचं, रेफरीनं खांदे उडवले असते आणि झालं असतं. पण हाक मारायची म्हणजे सगळ्या मैदानाला सांगायचं, की या माणसाला आपलं मैदान सपाट झाल्याचं ठाऊक नव्हतं. खांबावरचा कॅमेरा चालू होता. सामना कुठे कुठे दिसत होता कुणास ठाऊक. कमलाकरांनी हात वर केला. तो हात काहीही सांगत नव्हता. कॅलमनं तो होकार समजला.

आणि शेवटी, सपाट जमिनीवर बाजूनं काय फरक पडतो, असं त्यांनी स्वतःला समजावलं. बाकावर बसल्यावर फरक कळला. कार पार्कच्या मागे पूर्वी लेलँडीच्या झाडांची दोन माणसं उंच, बारमाही हिरवी भिंत होती. टेकडी कापताना तीही गेली होती. नोव्हेंबरचा दुपारचा सूर्य, जो इथे कधी डोक्यावर चढत नाही, कार पार्कमधल्या गाड्यांच्या टपांवरून सरळ आडवा येत होता, आणि त्याच्याकडे तोंड करून, रेल्वेच्या गोलमध्ये, कपाळाला हाताची पडवी करून त्यांचा गोलकीपर राज उभा होता. राज इथल्याच ईस्टन भागातला. बाप बस चालवायचा. पोरगा इलेक्ट्रिकचं काम शिकत होता आणि उरलेल्या वेळात गोल राखत होता. कॉन्फरन्सच्या नव्या रचनेत प्रत्येक कॉलेजशी एक खाजगी फुटबॉल अकादमी जोडलेली होती. तिचे लोक या महिन्यात कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं ते ठरवणार होते. आठवड्याच्या सरावात कमलाकरांनी त्याचे हात पाहिले होते. लेथवर बसवावा असा स्थिर हात. त्यांनी त्याला तसं म्हटलंही होतं, आणि तो लाजून म्हणाला होता, "माझी आईपण तेच म्हणते. फक्त ती लेथ म्हणत नाही, सुई म्हणते."

पहिला गोल लांबून आला. साधा फटका, उंच, संथ. चेंडू सूर्यात शिरला आणि नाहीसा झाला. राजनं डावीकडे दोन पावलं टाकली, थांबला, आणि चेंडू त्याच्या उजव्या खांद्यावरून जाळ्यात पडला. कार्डिफची पोरं स्वतःच थोडी चकित झाली. दुसरा कॉर्नरवरून आला. राज पुढे धावला, हवेत मूठ मारली, आणि मुठीला हवाच लागली. यावेळी बाकावरची राखीव पोरं हसली. कमलाकरांच्या शेजारी निवेदिता मांडीवर स्क्रीन घेऊन बसली होती. तिथे प्रत्येक पोराच्या बनियनमधल्या डबीतून आकडे येत होते, कोण किती धावला, कुणाचं काळीज किती वेगानं चाललंय. राजच्या नावापुढे दोन लाल ठिपके उमटले. ठिपक्याला सूर्य दिसत नव्हता. कमलाकरांना दिसत होता. त्यांच्याही डोळ्यांत पाणी येत होतं. ते पुसायला हात वर न्यावा तर कुणी वेगळा अर्थ काढेल म्हणून ते तसेच बसून राहिले.

तेव्हा त्यांना नंदू वस्ताद आठवले. आठवायचे नव्हते. कोल्हापुरात पेठेपेठेचा फुटबॉल संघ, आणि सामन्याला सगळी पेठ स्टेडियमवर. त्यांच्या तालमीचा एक रिवाज होता. सामना हरला की संघ पेठेतून चालत परत यायचा आणि सगळ्यांच्या पुढे वस्ताद. जिंकलात तर पोरांनी पुढे चालायचं, गुलाल त्यांच्यावर, वस्ताद मागे कुठेतरी पानाच्या टपरीपाशी रेंगाळणार. हरलात तर मात्र वस्ताद पुढे, म्हणजे ओट्यावरून येणारे टोमणे आधी त्यांना लागावेत. "काय वस्ताद, पोरास्नी जेवाय घातलं न्हाईसा काय?" असं कुणी ओरडलं की ते मान न वळवता म्हणायचे, "घातलं हुतं की. खेळवाय मी चुकलो." एकदा कमलाकरांच्याच पायातून चेंडू निसटून गोल झाला होता, त्या दिवशीही ते हेच म्हणाले. त्या संध्याकाळी वस्तादांची पाठ त्यांच्या पुढे चालत होती. मळका सदरा, घामानं चिकटलेला, मधोमध शिवण उसवलेली. ती शिवण कमलाकरांना आत्ता, ब्रिस्टलच्या या थंड उन्हात, हात लावावा इतकी जवळ दिसली.

हाफटाइमला पोरं खोलीत गेली. राज शेवटी गेला, भिंतीला धरून, जणू डोळ्यांपुढचा उजेड अजून गेला नव्हता. निवेदितानं कमलाकरांना बाहेर पॅसेजमध्ये थांबवलं. तिथल्या नळावर कॅलम तोंड धूत होता. पोरांसमोर बोलायचं नसलं की ती मराठीत बोलायची. त्यात काकांचा मान राहतो असंही तिला वाटायचं.

"काका, राजला काढूया? दुसरी कीपर अकादमीची आहे, तयार आहे. पण मला वाटतो की डिसिजन तुमचा पाहिजे. हेड कोच तुम्ही."

कमलाकर नळाच्या धारेकडे पाहत राहिले.

"का सूर्याचं प्रॉब्लेम आहे? मला तसं पण वाटला. आपण ही साइड का घेतली, कळला नाही. तसं असेल तर ते त्याच्यावर नको. मी रिपोर्टमध्ये लिहीन की साइड चुकला."

खरं सांगून टाकायला दार उघडं होतं. ती ते दोन्ही हातांनी उघडून धरून उभी होती. एवढंच म्हणायचं होतं, की बाजू मी सांगितली. मला वाटलं चढ आहे. हे वाक्य त्यांच्या तोंडात पूर्ण तयार झालं, मराठीत, नंतर इंग्रजीत, आणि दोन्ही भाषांत ते एका म्हाताऱ्या माणसाचं वाक्य होतं. त्यानंतर काय, तेही त्यांना दिसलं. निवेदिताचा हळवा होणारा चेहरा, उदयला जाणारा फोन, हंगामाच्या शेवटी बक्षिसं वाटायला सन्मानानं बोलावणं, आणि हॅरोच्या गल्लीतलं ते छोटं घर, जिथल्या खिडकीतून समोरच्या घराची खिडकी दिसते.

"सूर्याचं काही नाही," ते म्हणाले. "सूर्य सगळ्यांनाच असतो. कीपर बदल."

नळ बंद झाला. कॅलम टॉवेलमध्ये तोंड धरून उभा होता. त्याला मराठी येत नव्हतं. पण 'कीपर' त्याला कळलं असावं, आणि काही सेकंदांनी निवेदिता खोलीत जाऊन राजच्या खांद्यावर हात ठेवते हेही त्याला दारातून दिसलं. त्यानं टॉवेल खाली घेतला, कमलाकरांकडे पाहिलं आणि आत गेला.

दुसऱ्या हाफमध्ये बाजू बदलल्या. सूर्यही तेवढ्यात सरकून जुन्या वर्कशॉपच्या इमारतीआड गेला, जिथे आता लेथच्या जागी पळण्याचे पट्टे होते. कार्डिफच्या कीपरला त्याचा कसलाही त्रास झाला नाही. तरीही ते जिंकले. नव्या कीपरकडे चेंडू फारसा आलाच नाही. कॅलमनं एक गोल केला, मग एक करवला, आणि सामना संपत आला असताना गर्दीतून तिसरा आत ढकलला. गोल झाला की पोरं बाकाकडे धावत येतात. तिसऱ्या गोलनंतर सगळी आली, कॅलम तेवढा मधल्या रेषेवर पाठ करून उभा राहिला. कमलाकरांनी पोरांच्या पाठी थोपटल्या. बाकाच्या टोकाला राज जाड कोट घालून बसला होता. तोही उठून टाळ्या वाजवत होता. मोठे हातमोजे अजून हातातच होते, त्यामुळे टाळ्यांचा आवाज उशीवर उशी मारावी तसा येत होता.

"ग्रेट कॉल, काका," निवेदिता म्हणाली. "कीपर बदलला आणि टीम जागी झाली. अकादमीवाल्यांना पण आवडला. सीझन तुमचा. मी उद्या कळवतो सगळ्यांना." पुढे आवाज उतरवून, "राजला ते लोक सोडणार बहुतेक. पण त्याचा ट्रेड आहे ना हातात. इलेक्ट्रिशियनला काय, काम मिळतो."

"मिळतं," कमलाकर म्हणाले. ते वाक्य आज पहिल्यांदाच त्यांनी मोठ्यानं दुरुस्त केलं. तिनं ते फक्त दुजोरा म्हणून घेतलं.

वैजयंतीला फोन लावला तेव्हा मागे रेडिओ चालू होता.

"जिंकलो," ते म्हणाले.

"बरं झालं."

"हंगाम दिला."

"बरं झालं," ती पुन्हा म्हणाली. मग रेडिओ बंद झाला. "त्या जोडप्याला मी उद्या नको म्हणून सांगते. आवाज असा का येतोय तुमचा?"

"वारा आहे इथं."

"खिडकीबाहेर पान हलत नाहीये," ती म्हणाली, आणि वाट पाहिली. ती नेहमीच थोडी वाट पाही. मग तिनं फोन ठेवला.

मैदान रिकामं झालं होतं. दिव्यांच्या खांबांनी चारी बाजूंनी उजेड टाकला होता, त्यामुळे गालिच्यावर कशाचीच सावली नव्हती. कमलाकर रेल्वेच्या गोलपाशी गेले आणि तिथे, राज जिथे उभा होता तिथे, उभे राहून समोर पाहिलं. गाड्यांचे टप, त्यांच्यावर विझत चाललेलं आकाश. खाली कुठेतरी, या भरावाच्या पोटात, जुनी गोलरेषा असेल. चुन्याची, गवतात मुरलेली, पावसात दर बुधवारी नव्यानं ओढलेली. त्यांनी परत फिरून कार पार्ककडे चालायला सुरुवात केली. मधली रेषा ओलांडल्यावर ध्यानात आलं, की आपण पुढे झुकून, मांड्यांवर जोर देऊन, चढ चढल्यासारखे चाललो आहोत. त्यांनी पाठ सरळ केली. दोन-चार पावलांनी ती पुन्हा झुकली.

इमारतीच्या काचेच्या दारापाशी पोरं जमली होती, गावात जाऊन पिझ्झा खायचं ठरत होतं. त्यांच्यात राज नव्हता. कमलाकर येताना दिसले तशी कुजबुज थांबली. कॅलम दाराला पाठ लावून उभा होता, केस ओले, बॅग पायापाशी.

"पुढच्या बुधवारी आपण न्यूपोर्टला, गॅफर," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, रस्ता विचारावा तसा. "टॉस जिंकलो तर? तिथं चढाची बाजू कुठली?"

मागे कुणीतरी हसू दाबलं. कमलाकरांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच्यावर हसू नव्हतं. न्यूपोर्टचं जुनं मैदान त्यांना तळहातासारखं माहीत होतं. नदीकडे कललेलं, उजवी कड मऊ.

"तिथं चढ नाही," ते म्हणाले. "कुठंच नाही आता."

"ओके," कॅलम म्हणाला. "मग सूर्य बघू."

त्यानं वाकून बॅग उचलली, पाठीनं दार ढकललं आणि ते उघडं धरलं. जिंकलेली पोरं बाजूला झाली. रस्ता मोकळा झाला. कुणीच आत शिरेना. सगळी वाट पाहत होती.

"आधी तुम्ही, गॅफर," कॅलम म्हणाला.

कमलाकर पुढे झाले. पोरं त्यांच्या मागून चालू लागली.